पित्राच्या ताटातला दुधी

बोरी बुद्रुक,
२२ जून २०२५

दादा,

आधी वाचायची रीत सांगते, कारण ती तू दर खेपेला विसरतोस. पहिला कागद आईचा. तो तिच्या कानाशी बसून मोठ्यानं वाच. दुसरा तुझा, तो खिशात घाल. फोनवर आईला "आं? आं?" पलीकडे काही ऐकू येत नाही आणि जे तिला ऐकू येत नाही ते सगळं माझ्या सासूबाईंना ऐकू येतं. म्हणून हा पोस्टाचा खटाटोप.

(पहिला कागद)

आई, तू जावयाच्या हाती दिलेली दुधीच्या बियांची पुडी मिळाली. मोरीच्या पाण्यावर आळं करून बिया टोकल्या. तुझी नात श्रेया रोज सकाळी उकरून बघते, कोंब आला का म्हणून. तिला दोनदा रट्टा दिला. अवसरीत तुझ्या परड्यात वेल चढायचा तसा इथं गोठ्याच्या पत्र्यावर चढवीन. पाय शेकत जा.

(दुसरा कागद)

दादा, पुडी बघून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या बोरीत बी मिळत न्हाई व्हय, अवसरीवरनं आणाया?" मी म्हटलं, मिळतं, पण त्याला माझ्या आईचा हात लागलेला नसतो. त्यावर दिवसभर अबोला. मला तेवढीच विश्रांती.

बाकी घरात ताण आहे. रखमाजीनाना म्हणजे माझे चुलतसासरे. त्यांचा मुलगा संपत आणि आमचे हे बांधावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. नाना बिचारे दोन्हीकडे येतात, चहा पितात आणि जातात.

पुष्पा


अवसरी बुद्रुक,
६ जुलै २०२५

चि. पुष्पे,

पहिला कागद आईला वाचून दाखवला. मग परत वाचला. मग संध्याकाळी तुझी आशावहिनी भाकरी थापत असताना आईनं तिच्यासमोर परत वाचायला लावला. मला वाटतं आता तो मला पाठ झाला.

आईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. "पुष्पीला म्हणावं, ज्या वेलाचा दुधी म्या स्वतः खाल्ला, ग्वाड लागला, त्याच वेलाचं फळ बियाला ठिवलं. तीस वर्सं ह्येच बी हाय. हाटेलातलं न्हाई." हाटेल कुठून आलं ते विचारू नकोस.

माझं चाललंय. गेल्या वर्षी वरच्या आळीतलं एक पोर विहिरीत गेलं, तेव्हापासून सुट्टीत मी पोरांना पोहायला शिकवतो हे तुला माहीत आहे. तरंगायला बांधतात ते पत्र्याचे डबे पाठीला कापतात, म्हणून गेल्या पावसाळ्यात कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल चढवला होता, आईच्या दुधीला लागूनच. त्याचे भोपळे आता वाळून टणक झालेत. कडू भोपळ्याला कीड लागत नाही. पोरं पाठीला बांधून बिनघोर तरंगतात. यंदा एकालाही नाकातोंडात पाणी गेलं नाही. गावात लोक मला मास्तर म्हणायला लागलेत, तू हसशील.

तुझा
मच्छिंद्र


बोरी बुद्रुक,
२४ ऑगस्ट २०२५

(पहिला कागद)

आई, वेल गोठ्याच्या पत्र्यावर पसरलाय. पहिलं फळ धरलं. श्रेयाच्या मनगटाएवढं आहे, पण श्रेयाला ते रोज मोठं झाल्याचं दिसतं. तुझ्या वेलाला किती फळं आली ते कळव. मी पैज लावलीय की माझा वेल तुझ्यापेक्षा सरस आहे.

(दुसरा कागद)

दादा, सासूबाईंनी फर्मान काढलंय की वेलाचं पहिलं फळ सासऱ्यांच्या पित्राला जायचं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. यंदा सासऱ्यांच्या जागी पितर म्हणून रखमाजीनानांना जेवायला बसवणार. ही कल्पना ह्यांची. नानांनी आमच्या पाटावर बसून पोटभर जेवलं की संपतला पुढे तोंड फिरवता येणार नाही. बांधाचं भांडण मिटायची वेळ आली तर बरंच आहे. त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे आहे. चुकले तर बोलणी खाईन, जमलं तर कुणी काही बोलणार नाही.

पुष्पा


अवसरी बुद्रुक,
५ सप्टेंबर २०२५

चि. पुष्पे,

आई खुशाल. तिच्या वेलाचं मात्र काही खरं झालं नाही. पानांवर भुरीची पांढरी बुरशी पडली, म्हणून मी उपटून टाकला. आईला सांगितलं की डुकरांनी नासधूस केली. तिला भुरीचं सांगितलं असतं तर राखुंडी मारत बसली असती दिवसभर. तू पत्रात त्या वेलाचं काही विचारू नकोस, तिला उगाच लागतं.

तुझा दुधी चिरताना एक फोड जिभेला लावून बघत जा. आईची जुनी पद्धत आहे, तुला आठवत असेल.

नानांना पितर बसवताय ते चांगलं. भावकी जुळलेली बरी. आशानं श्रेयासाठी फ्रॉक शिवायला घेतलाय, मापं पाठव.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक,
२८ सप्टेंबर २०२५

(पहिला कागद)

आई, इकडे सगळे बरे आहोत. कामात होते म्हणून पत्राला उशीर झाला. वेल छान आहे.

(दुसरा कागद)

दादा, वरच्या कागदावरचा एकही शब्द खरा नाही.

रखमाजीनाना गेले. आमच्या पाटावर जेवले आणि गेले.

इथं पित्राला गवार, भेंडी, कारलं, भोपळा एकत्र शिजवतात. यंदा आपला दुधी एवढा मोठा झाला होता की अर्धी भाजी त्याचीच होती. चिरताना तुझं पत्र आठवलं. मी फोड तोंडाजवळ नेली तर सासूबाईंनी मनगट धरलं. "निवद व्हायच्या आदी उष्टं करती व्हय?" मी फोड पातेल्यात टाकली. दादा, ती फोड मी पातेल्यात टाकली.

नाना पाटावर बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "भाजी कडू लागतीया." सासूबाई म्हणाल्या, "कारलं हाय त्यात, भावजी." त्यावर ते हसले. पित्रानं पानात टाकलं तर मेलेलं माणूस उपाशी जातं, हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. शिवाय ते भांडण मिटवायला बसले होते. ते सगळं जेवले. मी आणखी वाढली, तीही खाल्ली. पंगतीला बसलेल्या ह्यांनी कडू लागलं म्हणून दोन घासांतच भाजी बाजूला सारली, त्यांना पितराचं बंधन नव्हतं.

हात धुवायला उठतानाच नानांना उलटी झाली. मग थांबेचना. संध्याकाळी उलटीत रक्त दिसलं, जुलाबातही. नारायणगावला दवाखान्यात नेलं. ह्यांनाही रात्रभर उलट्या झाल्या पण ते निभावले. नाना रविवारी सकाळी गेले. त्यांची नाडी शेवटी हाताला लागत नव्हती असं बयाबाई सांगतात. बयाबाई म्हणजे नानांची बायको.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुधी कडू होता का?" सासूबाई चटकन म्हणाल्या, "न्हाई, कारलं व्हतं." पित्राला कडू फळ घातलं हे त्या मेल्या तरी कबूल करणार नाहीत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की कडू दुधीतलं विष शिजवून जात नाही, कडू लागला की तो थुंकायचाच असतो. हे मला तोवर माहीत नव्हतं.

संपत म्हणतो बांधासाठी विषाचा घास घातला. ह्यांनी भीतीच्या भरात उरलेली भाजी उकिरड्यात पुरली आणि वेल उपटून जाळला, त्यामुळे आता आमचंच तोंड काळं झालंय. पोलीस आले, माझा मोबाईल नेला, गाव सोडू नका म्हणाले. तपासणीचा अहवाल कधी येईल ते कुणी सांगत नाही.

घरातली बाकी बायकापोरं पितर उठायची वाट बघत थांबली होती, म्हणून वाचली. मी वाढत होते, म्हणून मीही जेवले नव्हते. आता भावकीत तेवढंच बोललं जातं, की हिनंच खाल्लं नाही.

सासूबाईंनी मला चुलीपासून उठवलंय. परवा मी श्रेयाला ताट वाढलं तर त्यांनी तिच्या पुढ्यातनं ते ओढून घेतलं. श्रेया रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. दादा, माझ्या पोरीनं माझ्या हातचं खावं की नाही ह्याचा विचार केला.

काहीतरी कर.

पुष्पा


अवसरी बुद्रुक,
६ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्पे,

पत्र मिळालं. आईला पहिलाच कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोरगी थोडक्यात लिवती आजकाल."

मला विचारशील तर हे फवारणीचं काम आहे. तुमच्याकडे टोमॅटोवर काय काय मारतात. पंपाचं पाणी मोरीत गेलं असेल, वेलानं ओढलं असेल. दाजींना विचार, पंप कुठं धुतात. अहवालात ते निघेलच. निघालं की तुझं नाव आपोआप सुटेल. धीर धर.

आणि चाखून बघ असं मी तुला लिहिलं होतं. मागचं पत्र काढून बघ.

इकडे कांद्याची रोपं टाकायची घाई आहे, आईचा गुडघाही सुजलाय, नाहीतर लगेच आलो असतो. श्रेयाचा फ्रॉक तयार आहे.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक,
१३ ऑक्टोबर २०२५

(पहिला कागद नाही. आईला सांग पुष्पाला वेळ नव्हता.)

दादा,

मागचं पत्र काढून बघितलं. सगळीच काढून बघितली.

भुरी पडली म्हणून फळावर आलेला वेल कुणी उपटत नाही. पानं खुडतात, गंधक मारतात. तू शेतकरी आहेस, मीही शेतकऱ्याची बायको आहे. तू वेल उपटलास कारण त्याचा दुधी तू चाखलास आणि तो कडू निघाला.

ग्रामपंचायतीत कृषी सहायक आले होते, त्यांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, दुधीशेजारी कडू भोपळा असला की मधमाश्या कडू वेलाचा पराग दुधीच्या फुलावर नेतात. त्या वर्षी दुधी गोडच लागतो. कडूपणा त्याच्या बियांत उतरतो आणि पुढच्या वर्षीच्या फळात निघतो. म्हणजे आईनं खाल्लेला दुधी खरंच गोड होता. तिची काही चूक नाही. चूक तुझीही नव्हती, पोरं बुडू नयेत म्हणून तू वेल लावलास. त्याबद्दल मी तुला मेले तरी बोलणार नाही.

पण सप्टेंबरच्या पाच तारखेला तुला कळलं होतं. माझ्याकडे तेव्हा मोबाईल होता. "पुष्पे, तो दुधी खाऊ नका" एवढं बोलायला किती वेळ लागतो? तू त्याऐवजी पोस्टानं आईची पद्धत कळवलीस. आईला वाईट वाटेल म्हणून तू तिला डुकरं सांगितलीस, मला भुरी सांगितलीस, आणि इथं एक माणूस रक्त ओकून मेला.

मला तुझ्याकडून माफी नको. एकच गोष्ट हवी. भाऊबीजेला इथं भावकी बसणार आहे, बयाबाई आणि संपतही येतील. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग की तुझ्या कुंपणावर कडू वेल होता, तुझ्या घरचाही दुधी कडू निघाला, आणि बी तिथलंच आहे. येताना तो वाळका भोपळा आण. घरातला वेल जळाला, भाजी कुजली, आता तुझ्याशिवाय माझ्याकडे काहीच नाही. तू बोललास की मी परत माझ्या लेकीला जेवू घालीन.

मी ह्यांनाही सांगितलंय की भाऊ येतोय. ते म्हणाले, "येऊ दे. त्यो बोलला तर बरंच हाय." दादा, ते वाईट नाहीत. ते घाबरलेत.

पुष्पा


बोरी बुद्रुक,
२७ ऑक्टोबर २०२५

ह्या वेळी एकच कागद आहे. आईच्या कानाशी बसून वाच.

आई,

मी आजवर तुला चांगलं तेवढंच कळवलं. आज सगळं कळवते. तू पाठवलेल्या बियाचा दुधी कडू निघाला. पित्राच्या ताटात तो गेला आणि माझे चुलतसासरे रखमाजीनाना तो खाऊन वारले. तू बी नीट राखलं होतंस. शेजारच्या कडू वेलानं ते नासलं आणि ते चाखून कळण्यासारखं नव्हतं. तुझा वेल डुकरांनी नाही मोडला. दादानं उपटला, कारण त्याला कळलं होतं.

मी विष घातलं असं इथं म्हणतात. भाऊबीजेला भावकी बसली. मी ओवाळायचं ताट तयार केलं होतं. दादा दुपारपर्यंत आला नाही. मंचरहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला श्रेया फाट्यावर जाऊन आली. मग मीच उभी राहिले आणि सगळं बोलले. संपत म्हणाला, "भावाला फोन लावा." ह्यांनी आपल्या मोबाईलवरून लावला, आवाज मोठा केला आणि तो पाटावर ठेवला. बयाबाईंनी विचारलं, "पावणं, तुमच्या कुपाटीला कडू भोपळा व्हता का?"

दादा म्हणाला, "न्हाई. आमच्याकडं असलं काय न्हाई."

बयाबाईंनी विचारलं, "तुमच्या घरचा दुधी कडू निघाला व्हता का?"

तो म्हणाला, "न्हाई वो. आमचं बी ग्वाड हाय. म्हातारीला इचारा."

बयाबाई माझ्याकडे वळल्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुजा सख्खा भाऊ खोटं कशाला बोलंल, बाई?"

मी दादाची पत्रं काढून वाचली. त्यात कडू वेलाचं एक पत्र आहे. संपत म्हणाला, पत्र कुणीबी लिवतं. हे खाली मान घालून बसले होते. त्या दिवसापासून मी गोठ्याजवळच्या खोलीत असते. श्रेया सासूबाईंजवळ निजते. जेवण मला दारात ठेवतात, आणि तिला माझ्याकडे पाठवायची असली तर आधी जेवू घालून पाठवतात.

आई, तुला नीट ऐकू येत नाही, पण तुझ्या शब्दाला अजून मान आहे. आशावहिनीला घेऊन एकदा इथं ये. तू म्हणालीस तर दादाला नाही म्हणता येणार नाही. तू बियाला जीव लावलास त्याचा मला राग नाही, आणि दादानं तुला वाचवायला हे केलं असेल तर तेही मला कळतं. पण माझी पोर माझ्यापासून तुटत चालली आहे. मला दुसरं कुणी नाही.

तुझी
पुष्पी


अवसरी बुद्रुक,
४ नोव्हेंबर २०२५

चि. पुष्पास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. पाहुण्यांत एक वयस्कर माणूस वारलं हे ऐकून हळहळली, पण तुमच्याकडे सगळं सुरळीत आहे, श्रेया आजीजवळ रमते हे ऐकून तिला बरं वाटलं. एकच कागद कसा, असं तिनं विचारलं. म्हटलं, कामाची घाई आहे तिला.

भाऊबीजेला यायचं होतं. चप्पल घालून आपल्या फाट्यापर्यंत गेलोही होतो. मग फोनवर एकदम चारचौघांसमोर विचारलं, मागून संपतचा आवाज येत होता, पोलिसांचं नाव निघालं. मी काय बोलणार होतो? उद्या गावातलं एखादं पोर आजारी पडलं तर लोक म्हणतील ह्याच्याच भोपळ्यानं. आणि आईचं वय तुला माहीत आहे. तिच्या हातच्या बियानं माणूस गेलं हे तिला सांगायचं? ती त्या क्षणी बसल्या जागी संपेल. तू रागावली आहेस म्हणून तुला आज हे पटत नाही.

कुंपण साफ केलं. वाळके भोपळेही जाळले. पोरांना आता डबे बांधतो. अहवाल आला की सगळं आपोआप मिटेल, माझं ऐक. तोवर असलं काही कागदावर लिहीत जाऊ नकोस, पत्र कुणाच्याही हाती लागतं.

आईनं निरोप सांगितलाय. आपल्याकडचं बी संपलं, तुझ्या वेलाचं एक फळ बियाला राख, पुढच्या पावसाळ्याला लागेल. मी तिला म्हटलं, पुष्पीनं राखलंय.

आई मजेत आहे. तिची काळजी करू नकोस.

मच्छिंद्र